खारिलाओस न्हाव्याची शेवटची दाढी

१

खारिलाओस न्हावी आपल्याच दुकानात, आपल्याच खुर्चीत, आपल्याच आरशासमोर मरून पडलेला सापडला. मान टेकणीवर व्यवस्थित ठेवलेली. आयुष्यभर गिऱ्हाइकांना "हलू नका" म्हणून ओरडणारा माणूस स्वतः मात्र शेवटपर्यंत अजिबात हलला नव्हता. डाव्या कानाखालची शीर कापलेली, उजवा हात मांडीवर, आणि त्या हाताच्या अंगठा-तर्जनीत एक साधं दुधारी ब्लेड.

पण कास्त्रानियाच्या लोकांना धक्का बसला तो त्याच्या दाढीचा. बायको गेल्यापासून त्याने गालाला काही लावलं नव्हतं. त्या डोंगरात घरचं माणूस गेलं की पुरुष चाळीस दिवस दाढी करत नाहीत. मग चर्चमध्ये चाळिसाव्याची प्रार्थना होते, उकडलेले गोड गहू वाटले जातात आणि सगळे पुरुष तिथून थेट न्हाव्याकडे जातात. इथे न्हावीच सुतकात. त्यामुळे महिनाभर गावातले लोक त्या वाढलेल्या पांढऱ्या दाढीकडून दाढी करून घेत होते आणि आपण काहीतरी उधार चैन करतोय असं त्यांना वाटत होतं.

त्याच्या मुलीने, मारूसोने, बापासाठी पावट्याचं गरम सूप आणलं होतं. ते तिने खाली ठेवलं, सांडू दिलं नाही, आणि मग किंचाळली.

फौजदार झाफिरिस आला तेव्हा पाद्री येरासिमोस आधीच पोचला होता, पण उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. बर्फाची भुरभुर त्याच्या काळ्या टोपीवर साचत होती.

"आत या ना, पाद्रीबाबा."

"मी येऊ शकत नाही." पाद्रीने ब्लेडकडे बोट दाखवलं. "ज्याने स्वतःचा जीव घेतला त्याच्यासाठी माझ्याकडे प्रार्थना नाही. उद्या दुपारी त्याला पुरा, पण दफनभूमीच्या भिंतीच्या बाहेर. मी येणार नाही."

"माझी आई भिंतीच्या आत आहे," मारूसो म्हणाली.

"ती आजाराने गेली, मुली."

मारूसोने फौजदाराची बाही धरली. "साहेब, बाबाने हे केलेलं नाही. चाळिसाव्याला त्याला सगळ्या गावासमोर काहीतरी बोलायचं होतं. काय ते मला सांगितलं नाही. म्हणाला, तुझ्या आईच्या नावाने घंटा वाजली की सांगेन. ज्याला बोलायचं असतं तो माणूस बोलायच्या आधी मरतो का?"

"दुकानातले वस्तरे कुठे आहेत?" झाफिरिसने विचारलं. भिंतीवरचे खिळे रिकामे होते.

मारूसोने खिळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मीच नेले. आई गेली त्या दिवशी. गिऱ्हाइकांसाठी ब्लेडचे रेझर तेवढे ठेवले."

"का नेलेस?"

"भीती वाटली म्हणून."

"ऐकलंत?" पाद्री उंबऱ्यापलीकडून म्हणाला. "पोटच्या पोरीलाही माहीत होतं."

२

झाफिरिस या गावात दोन वर्षं होता. आजवरचा त्याचा सर्वात मोठा तपास एका बोकडाच्या अपहरणाचा होता आणि तोही बोकड स्वतःहून परत आल्यामुळे सुटला होता. त्यामुळे त्याच्या बुद्धीवर गावाचा फारसा भरवसा नव्हता. त्याचाही नव्हता.

त्याने प्रेताचा उजवा हात ओल्या फडक्याने पुसला. रक्त निघालं. खालची बोटं स्वच्छ, गुळगुळीत, साबणाने मऊ झालेली. एकही ओरखडा नाही.

"हं," झाफिरिस म्हणाला. त्याला यातून काहीतरी कळलं होतं, पण काय ते कळत नव्हतं.

समोरच्या कॉफीच्या दुकानात सगळे म्हातारे खिडकीशी बसलेले होते, कारण हिवाळ्यात तिथे बसण्याव्यतिरिक्त काही करायचं नसतं. दुकानावर सुतकाचा काळा पडदा असल्याने आत काय झालं ते कुणाला दिसलं नव्हतं. दारातून कोण आत गेलं ते मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या सकाळी तिघेच: जावई त्रिफोन खाटीक, अमेरिकेतून परतलेला इओर्दानिस, आणि औषधांच्या दुकानाचा क्लेआन्थिस. कोण आधी, कोण नंतर, यावर म्हाताऱ्यांची हमरीतुमरी झाली आणि एकाने दुसऱ्याच्या कॉफीत पाणी ओतलं. साक्षीचा तेवढाच उपयोग झाला.

झाफिरिस पहिल्यांदा त्रिफोनकडे गेला. त्रिफोनच्या हातांवर कापल्याच्या खुणा इतक्या होत्या की नवी कुठली आणि जुनी कुठली हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"सासऱ्याशी तुझं कसं होतं रे?"

"चांगलं होतं. तो माझं मटण खायचा नाही, मी त्याच्याकडे दाढी करायचो नाही. असं दहा वर्षं चांगलं चाललं होतं."

"मग सकाळी कशाला गेलास?"

"मारूसो म्हणाली, बाबा जेवत नाही, जरा बघ. मी गेलो तर तो खुर्चीत डोळे मिटून पडलेला. म्हटलं, झोपलाय. टोपी तोंडावर ओढून दिली आणि आलो." त्रिफोनने सुरी ठेवली. "साहेब, तेव्हा तो जिवंत होता ना? घोरत होता. मेलेला माणूस घोरत नाही ना?"

"नाही."

"देवाची कृपा," त्रिफोन म्हणाला आणि डोळे पुसले, मटणाच्या फडक्याने.

झाफिरिसने खिशातून दुधारी ब्लेड काढलं. दुकानात डुकराची एक मांडी टांगलेली होती. "मी जरा हिचा गळा कापून बघतो," तो म्हणाला.

"मांडीला गळा नसतो, साहेब."

"समजून घे, आहे."

त्याने ब्लेड चिमटीत धरलं आणि जोरात ओढलं. पातळ पातं वाकलं. मांडीवर केसाएवढी रेघ उमटली आणि फौजदार ओरडून उडाला. अंगठ्यावर एक चीर, तर्जनीवर एक चीर, दोन्ही सरळ रेषेत, पट्टीने आखल्यासारख्या.

त्रिफोनने मांडीवरची रेघ बोटाने शोधली. मग म्हणाला, "सरकार तुम्हाला पगार देतं?"

पण झाफिरिस स्वतःच्या बोटांकडे बघत होता. दुधारी ब्लेडला दोन्हीकडे धार. ते कुठूनही घट्ट धरा, धरणाऱ्यालाच कापणार. आणि खारिलाओसच्या बोटांना काहीच झालं नव्हतं.

त्याला कुणीतरी मारलं होतं. आणि दुसऱ्याच कशाने तरी मारलं होतं.

३

एका बाजूला धार आणि दुसऱ्या बाजूला जाड पोलादी पाठ असलेलं ब्लेड कास्त्रानियात एकाच घरी होतं, आणि ते कुणाच्या घरी हे गावातली कुत्रीही सांगू शकली असती.

इओर्दानिसने शिकागोत वीस वर्षं उपाहारगृहात भांडी घासली आणि परत येताना एक एकधारी रेझर आणला. त्या दिवसापासून गावात दोन पक्ष झाले. दुधारीवाल्यांचा पुढारी क्लेआन्थिस. तो दुधारी ब्लेडं विकायचा आणि दर रविवारी भाषण करायचा, की माणसाला दोन गाल आहेत, ब्लेडला दोन धारा पाहिजेत, हा निसर्गाचा हिशोब आहे. एकधारीवाल्यांच्या पक्षात इओर्दानिस एकटाच होता, पण तो पाच जणांइतका ओरडायचा. न्हावी दुधारीच्या बाजूचा. एकधारी ब्लेड तो दुकानात येऊ द्यायचा नाही. यावरून दोघांत एकदा मारामारी झाली होती आणि साबणाचा एक वाडगा फुटला होता.

"हो, ये," इओर्दानिस दारातच म्हणाला. "मला माहीत होतं तू येणार. गावात काही झालं की अमेरिकनाने केलं. कोंबडी आजारी पडली तरी अमेरिकनाने केलं."

"तू सकाळी त्याच्याकडे कशाला गेला होतास?"

"भांडायला. महिनाभर भांडलो नव्हतो, तो सुतकात होता म्हणून. आज म्हटलं, बिचाऱ्याला बरं वाटेल." इओर्दानिसचा आवाज उतरला. "पण तो टोपीखाली झोपला होता. मी नाही उठवलं. उठवलं असतं तर..."

"तुझं एक ब्लेड दे."

झाफिरिसने ते ब्लेड पाठीकडून घट्ट धरलं आणि इओर्दानिसच्या टेबलावरच्या भोपळ्यावर ओढलं. पातं खोल गेलं, तसूभरही वाकलं नाही. बोटांना काही झालं नाही.

"हे असल्या ब्लेडने झालंय," झाफिरिस म्हणाला. "मग कुणीतरी ते उचललं आणि दुकानातल्या खणातलं दुधारी त्याच्या हातात ठेवलं. एकधारी सापडलं असतं तर आत्महत्या म्हणून कुणी मानलं नसतं. आणि एकधारी वापरणारा गावात तू एकटा आहेस."

इओर्दानिसने ब्लेड परत घेऊन पुसलं. मग हळूच म्हणाला, "एकटा नाही."

"म्हणजे?"

"गावात अजून एक माणूस एकधारीने दाढी करतो. ब्लेडं माझ्याकडूनच नेतो. अंधार पडल्यावर, मागच्या दाराने, चोरून बाई ठेवल्यासारखा."

"कोण?"

"मी त्याला शब्द दिलाय."

"अरे, तुला फाशी होईल!"

"शिकागोत मी दोनच गोष्टी शिकलो," इओर्दानिस म्हणाला. "भांडी घासायला, आणि गिऱ्हाइकाचं नाव न सांगायला. त्याने मला अख्ख्या गावात शिव्या घातल्या, तरी मी कधी बोललो नाही. आता मरायला टेकल्यावर बोलू? आणि तू शोध ना! तुझ्या नावापुढे फौजदार कशाला लावलंय?"

झाफिरिसने त्याला कोठडीत बसवलं. दुसरं काय करणार? इओर्दानिस जाताना स्वतःचा रेझर मागत होता. तो मात्र दिला नाही.

४

क्लेआन्थिसच्या दुकानात निलगिरीचा आणि कापराचा वास होता. मागे पोर्सेलिनच्या बरण्या, पुढे दुधारी ब्लेडांच्या पुड्यांचा मनोरा. गावातला सर्वात गुळगुळीत गाल त्याचा. हातात पांढरे सुती हातमोजे.

"थंडीने बोटं फुटतात," तो म्हणाला. "बसा, साहेब. भयंकर झालं. पण मला आश्चर्य वाटलं नाही. त्याची आस्पासिया गेल्यापासून त्याला झोप नव्हती. मीच थेंब देत होतो झोपेचे. आज सकाळीही नेऊन दिले, कॉफीत घाल म्हणालो."

"आणि मग?"

"मग निघालो. त्याचा चेहरा बघवत नव्हता." क्लेआन्थिसने रुमालाने नाक पुसलं. "ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही हो. चिमटीत ब्लेड आवळून धरलेलं. किती यातना झाल्या असतील तेव्हा माणूस असं करतो?"

"इओर्दानिसला पकडलंय."

"का?" क्लेआन्थिस दचकला. झाफिरिसला वाटलं, या माणसाला आनंद व्हायला हवा होता. विरोधी पक्षाचा अख्खा पक्षच कोठडीत गेला होता. पण त्याचा चेहरा पडला होता. "आत्महत्या आहे ना ही? पाद्रीबाबा म्हणाले. मग कशाला उगाच कोरून काढताय? बिचाऱ्या मारूसोच्या बापाचे धिंडवडे होतील."

"बापाला भिंतीबाहेर पुरलं तर होणार नाहीत का?"

क्लेआन्थिसने मनोऱ्यातली एक पुडी उचलून सरळ केली. ती आधीच सरळ होती.

बाहेर आल्यावर झाफिरिस बर्फात उभा राहिला. आवळून धरलेलं. गावातला दुधारीचा सर्वात मोठा भक्त म्हणतो, माणसाने दुधारी ब्लेड चिमटीत आवळून धरलं. जो रोज दुधारी ब्लेड रेझरमध्ये घालतो, तो ते दोन बोथट टोकांना धरतो, अंड्यासारखं. आवळून धरत नाही. ते धरण्याजोगं असतंच कुठे?

पण हे सांगून पाद्री ऐकणार नव्हता. आणि सकाळपर्यंत खड्डा खणला जाणार होता.

५

सकाळी मारूसोच्या घरी प्रेत द्राक्षाच्या दारूने धुऊन टेबलावर ठेवलं होतं. मारूसो डोक्याशी बसली होती. ती रडत नव्हती. रडणं ती दुपारसाठी राखून ठेवत होती.

"साहेब, पाद्रीबाबांनी खड्डा खणायला माणूस पाठवला. बाहेर. मी वाटेत आडवी झोपले तर?"

"ते तुला ओलांडून जातील. मारूसो, तुझ्या आईचं औषध कोण द्यायचं?"

"क्लेआन्थिसकाका. छातीत धडधड व्हायची तिला. शेवटच्या दिवशी दुसरी बाटली आणली, दोनदा घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत..." ती थांबली. "बाबाने ती बाटली जपून ठेवली होती. दुकानात, साबणाच्या मागे. रोज उघडून वास घ्यायचा. म्हणायचा, आधीच्या बाटलीचा वास असा नव्हता."

"कुणाला सांगितलं होतं?"

"मला नाही. क्लेआन्थिसकाकांना सांगितलं असेल. ते तीनदा बाटली परत मागायला आले. रिकामी असेल तर द्या म्हणाले, बाटल्या मिळत नाहीत."

झाफिरिस उठला. "तुझ्या बापाला दाढीसकट पुरायचं का?"

मारूसोने बापाच्या गालावर हात ठेवला. "सुतक आईचं होतं. आता तिलाच भेटायला चाललाय. असा कसा जाईल? ती दारातच उभी राहील आणि म्हणेल, हा कोण?" आता मात्र तिला हुंदका आला. "पण करणार कोण? गावातला न्हावी हाच होता."

"मी तिघांना बोलावतो," झाफिरिस म्हणाला. "आणि पाद्रीबाबांना."

"ते येणार नाहीत."

"प्रार्थनेला नाही. दाढीला. दाढीला कुठलाही नियम आडवा येत नाही."

६

अशी दाढी कास्त्रानियात कुणी पाहिली नव्हती आणि पुन्हा पाहायची इच्छाही कुणाला झाली नाही. टेबलावर प्रेत, डोक्याशी मुलगी, पायाशी पाद्री. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, म्हणजे आपण आलो पण आलो नाही. झाफिरिसने गरम पाण्याचं भांडं ठेवलं, न्हाव्याचाच ब्रश भिजवला, कात्रीने दाढी बारीक केली आणि दुकानातला दुधारी रेझर बाहेर काढला.

"एकेक गाल एकेकाने," तो म्हणाला. "मृताचा मान. त्रिफोन, तू जावई, तू पहिला."

त्रिफोनने बाह्या वर सारल्या. त्याने रेझर कलता धरला, उजव्या गालावरून खाली ओढला. पांढरे केस फेसाबरोबर आले. त्याने रेझर फिरवला, दुसऱ्या बाजूने ओढला, मग पाण्यात बुडवला. पुन्हा ओढला, फिरवला, ओढला, बुडवला.

"माफ करा हो, सासरेबुवा," तो पुटपुटला, "जिवंतपणी तुमच्याकडे कधी आलो नाही."

"आता इओर्दानिस. हनुवटी."

कोठडीतून आणलेला अमेरिकन पुढे आला. त्याने रेझर हातात घेतला, उलटसुलट बघितला, आणि एकधारीच्या सवयीने रेझरचं डोकं चामडीवर सपाट टेकवून ओढलं. फेस गेला, केस तिथेच. पुन्हा सपाट. एक केस निघाला नाही.

"हा रेझर आहे की चमचा?" इओर्दानिस चिडला. "खारिलाओस, तू जन्मभर यावर भांडलास? लाज नाही वाटली?"

मारूसोच्या ओठांवर काहीतरी हललं. हसू असेल किंवा दुसरं काही.

"क्लेआन्थिस. डावा गाल."

"मला ते जमणार नाही," क्लेआन्थिस म्हणाला. "मी भावनाविवश झालोय."

"गावात दुधारीवर तुमच्याइतकं कोण बोलतं? तुम्हीच मागे राहिलात तर लोक काय म्हणतील?"

क्लेआन्थिसने रेझर घेतला. मारूसो म्हणाली, "काका, हातमोजे घालून माझ्या बापाला हात लावणार?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याने हातमोजा काढला. उजव्या अंगठ्यावर पट्टी होती आणि तर्जनीवर पट्टी होती.

"बाटली फुटली," तो म्हणाला, कुणी विचारायच्या आधी.

त्याने रेझर गालावर टेकवला. सपाट. ओढला, फेस निघाला, केस राहिले. त्याने लगेच पाण्यात बुडवला. पुन्हा सपाट, पुन्हा ओढला, पुन्हा बुडवला. त्याने रेझर एकदाही फिरवला नाही. वरची बाजू तशीच कोरडी, चकचकीत राहिली, जणू तिला धार आहे हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तो अजून सपाट, अजून जोरात दाबू लागला. खोलीत फक्त पाण्याचा आवाज येत होता.

त्रिफोनचं तोंड उघडं पडलं. दुसऱ्याच्या घरातून आपल्या बायकोला बाहेर पडताना पाहणाऱ्या माणसाच्या आवाजात तो म्हणाला, "अरे देवा. हा तर एकधारीवाला आहे!"

इओर्दानिस छताकडे बघू लागला. "मी काही बोललो नाही," तो म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलंय, मी एक शब्द बोललेलो नाही."

७

"एकधारीने दाढी करणं हा गुन्हा नाही," क्लेआन्थिस म्हणाला. रेझर अजून त्याच्या हातात होता.

"नाही," झाफिरिस म्हणाला. "पट्ट्या काढा."

"काचेने कापलंय."

झाफिरिसने स्वतःचा हात पुढे केला. अंगठ्यावर एक सरळ चीर, तर्जनीवर एक सरळ चीर, एकमेकींच्या समोर. "काच वेडीवाकडी कापते. हे मला काल खाटकाच्या दुकानात झालं. दुधारी ब्लेड चिमटीत धरलं की असंच होतं. दुधारी वापरणारा माणूस असं कधीच करत नाही, तो ते टोकांना धरतो. मी केलं कारण मला गळा कापून बघायचा होता. तुम्ही केलंत कारण तुमच्या हाताला वर्षानुवर्षं ब्लेड पाठीकडून धरायची सवय आहे."

क्लेआन्थिसने पट्ट्या काढल्या नाहीत. काढायची गरजही उरली नव्हती. त्याने ती बोटं मुठीत लपवली होती.

"तुम्ही कॉफीत थेंब घातलेत," झाफिरिस म्हणाला. "तो झोपला. त्रिफोन येऊन गेला, इओर्दानिस येऊन गेला, दोघांनाही तो झोपलेला दिसला. मग तुम्ही पुन्हा आलात. काळा पडदा होताच, आणि कोण कधी, किती वेळा आत गेलं हे समोरच्या म्हाताऱ्यांना सांगता येत नाही. वस्तरे भिंतीवर नव्हते. दुधारी ब्लेडने तुम्हाला कापता आलं नसतं. म्हणून तुमचं आणलंत. काम झाल्यावर ते सोडून जाता येईना, ते अमेरिकनाकडचं म्हणून ओळखलं असतं आणि आत्महत्येचा खून झाला असता. मग खणातून एक दुधारी काढलंत आणि त्याच्या हातात द्यायला उचललंत. उचललंत, तुमच्या पद्धतीने."

पाद्री आता भिंतीकडे बघत नव्हता.

"पण कशासाठी?" त्रिफोनने विचारलं. "एकधारी वापरतो हे त्याला कळलं म्हणून? अरे, आम्ही आठवडाभर हसलो असतो!"

"बाटलीसाठी," मारूसो म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की क्लेआन्थिस मागे सरकला. "आईला काय दिलंत, काका?"

क्लेआन्थिस खुर्चीत बसला. बराच वेळ तो रेझरवरचा फेस बोटाने पुसत राहिला.

"दोन बाटल्या शेजारी होत्या," तो म्हणाला. "मी चष्मा घातला नव्हता. दुकानात लोक होते, मी भाषण करत होतो, बोलता बोलता भरली. संध्याकाळी कळलं. मी धावत आलो होतो, मारूसो, तुला आठवतंय ना? मी सर्वांच्या आधी आलो होतो."

"आठवतंय. मी तुम्हाला कॉफी दिली होती."

"खारिलाओसला वासावरून कळलं. तो माझ्याकडे आला. ओरडला नाही. म्हणाला, मी तुला माफ केलंय, पण चाळिसाव्याला उभा राहा आणि सगळ्यांसमोर सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन." क्लेआन्थिसने वर पाहिलं. "मला माफी हवी होती. फक्त कुणी ऐकू नये एवढंच हवं होतं. गालावर काय फिरवतो हे मी गावाला सांगू शकलो नाही, हे कसं सांगणार होतो?"

मारूसोने पुढे होऊन त्याच्या हातातला रेझर काढून घेतला. क्लेआन्थिसने तो सहज सोडला. तिने तो पाण्यात धुतला, बापाच्या डाव्या गालावर पुन्हा फेस लावला, आणि कलता धरून ओढला. फिरवला. ओढला. बुडवला. क्लेआन्थिस अजून तिथेच बसला होता, कारण झाफिरिसला त्याला लगेच उठवावंसं वाटेना. त्याने ती दाढी पूर्ण होईपर्यंत बघितली.

८

जमीन गोठली होती. आस्पासियाच्या शेजारी नवा खड्डा खणायला दुपार गेली. त्रिफोन खणत होता, इओर्दानिस खणत होता, आणि दोन्ही पक्षांची जी काही माणसं होती ती आळीपाळीने खणत होती. भिंतीबाहेरचा खड्डा कुणीतरी निमूटपणे बुजवला.

पाद्री येरासिमोस आला. धूपदाणी हातात होती. त्याने पुस्तक उघडलं.

"थांबा," मारूसो म्हणाली.

पाद्री थांबला. सगळं गाव थांबलं.

"काल उंबऱ्यावर तुम्ही म्हणालात, त्याच्यासाठी तुमच्याकडे प्रार्थना नाही. सगळ्यांनी ऐकलं. आईबरोबर तो आता कायमचा इथे राहणार. ते शब्द अंगावर घेऊन त्याला खाली जाऊ देणार नाही मी. आधी परत घ्या."

"मुली, मला जे दिसलं त्यावरून..."

"मला नाही. त्याला सांगा."

वाऱ्याने पुस्तकाचं पान उलटलं. पाद्रीने ते सावरलं नाही. तो उघड्या शवपेटीपाशी वाकला. म्हाताऱ्याला वाकायला त्रास होत होता आणि कुणी हात दिला नाही. त्याने टोपी काढली. खारिलाओसचा चेहरा स्वच्छ, गुळगुळीत होता, गालावर बर्फाचे दोन कण पडले होते आणि वितळत नव्हते.

"खारिलाओस," पाद्री मोठ्याने म्हणाला, शेवटच्या रांगेतल्यालाही ऐकू जाईल असं. "मी चुकलो."

मारूसोने क्षणभर डोळे मिटले.

"आता म्हणा," ती म्हणाली.